समुद्रांचा हिशेब मांडणारा गणिती : सर गिल्बर्ट वॉकर

मे महिना सरत आला की उत्तन, पाली आणि चौक येथील किनाऱ्यांवर एकच लगबग सुरू होते. होड्या वाळूवर ओढून घेतल्या जातात, त्यांवर ताडपत्र्या बांधल्या जातात, जाळी दुरुस्तीसाठी अंगणात येतात आणि उन्हात सुकवलेले बोंबील पावसाळ्याच्या बेगमीसाठी भरून ठेवले जातात. राई, मुर्धे, मोर्वा या गावांतील वडीलधारी मंडळी आकाशाकडे पाहू लागतात. भाईंदरच्या मिठागरांवर ज्यांची हयात गेली, त्यांना तर अवेळी आलेल्या एका सरीने किती मीठ वाहून जाते याचा अनुभव आहेच. मग घराघरांत तोच प्रश्न विचारला जातो : यंदा पाऊस कसा असेल? वेळेवर येईल ना? समुद्र कधी शांत होईल?

हल्ली या प्रश्नाचे उत्तर देताना वृत्तपत्रे आणि दूरदर्शन एक परका शब्द हमखास वापरतात. तो शब्द म्हणजे एल निनो. हजारो मैलांवरच्या प्रशांत महासागराचे पाणी तापले, म्हणून आपल्याकडे पाऊस कमी पडण्याचा धोका आहे, असे आपण वाचतो. परंतु प्रशांत महासागराचा आणि उत्तनच्या खाडीचा संबंध काय, आणि तो संबंध प्रथम कोणी शोधला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या माणसाने हा धागा शोधून काढला, त्याने आपल्या आयुष्याची वीस वर्षे आपल्याच देशात घालवली होती. त्यांचे नाव सर गिल्बर्ट वॉकर. त्यांच्या जीवनाची ओळख वाचकांना करून द्यावी, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

बालपण आणि शिक्षण

गिल्बर्ट थॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील रॉचडेल या गावी झाला. पुढे त्यांचे कुटुंब लंडनजवळच्या क्रॉयडन येथे राहावयास गेले. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकत असतानाच त्यांची गणितातील गती शिक्षकांच्या ध्यानात आली होती. यंत्रांची आणि फिरणाऱ्या भोवऱ्यांची त्यांना लहानपणापासून आवड. पुढे ते केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले आणि १८८९ साली गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर ठरले.

रँग्लर ही पदवी मराठी माणसाला नवी नाही. बरोबर दहा वर्षांनी, १८९९ साली, कोकणातून केंब्रिजला गेलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी हाच मान मिळवला आणि ते महाराष्ट्रात कायमचे रँग्लर परांजपे झाले. परीक्षेच्या या शर्यतीत विद्यार्थ्यांच्या प्रकृतीची किती आबाळ होत असे, याची कल्पना वॉकर यांच्या चरित्रावरून येते. अतिश्रमाने त्यांचे आरोग्य ढासळले आणि त्यांना काही हिवाळे स्वित्झर्लंडच्या थंड हवेत विश्रांतीसाठी काढावे लागले. तेथे ते बर्फावर घसरण्याचा खेळ शिकले आणि त्यात तरबेज झाले.

केंब्रिजला परतल्यावर त्यांनी अध्यापन केले व विद्युत्-चुंबकत्वावर संशोधन केले. ऑस्ट्रेलियाचे आदिवासी फेकतात ते बूमरँग हे वक्राकार लाकडी शस्त्र फेकणाऱ्याकडे परत कसे येते, याचे गणितही त्यांनी मांडले. नदीकाठच्या हिरवळीवर ते स्वतः बूमरँग फेकून पाहत. त्यावरून मित्रांनी त्यांना बूमरँग वॉकर असे टोपणनाव दिले. ढग, वारा आणि पाऊस यांच्याशी मात्र या विद्वानाचा तोवर काडीचाही संबंध आलेला नव्हता.

दुष्काळाची सावली

अशा माणसाला भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख म्हणून का बोलावले गेले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि दक्षिण भारतावर भीषण दुष्काळ कोसळला व लक्षावधी माणसे मेली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ साली, भारतीय हवामान खाते स्थापन झाले होते. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फ आणि मान्सून यांचा संबंध असावा असे सुचवले : हिवाळ्यात व वसंतात बर्फ अधिक पडले, तर पुढचा पाऊस कमी. त्या आधारावर १८८६ पासून पावसाचे अंदाज दिले जाऊ लागले.

त्यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी या अंदाजांना आणखी काही गोष्टींची जोड दिली. परंतु १८९९ साली त्यांचा अंदाज साफ चुकला. चांगल्या पावसाची आशा दाखवली गेली आणि प्रत्यक्षात देशाचा पाऊस सरासरीपेक्षा चतुर्थांशाहून अधिक घटला. मुंबई इलाख्यात आधीच प्लेगने थैमान घातले होते, त्यात गुजरात, राजपुताना आणि दख्खन यांवर हा दुष्काळ आला. गुजरातेतील निराधार मुलींना पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात आश्रय दिला, तो याच दुष्काळाच्या वेळी. चुकलेल्या अंदाजावर वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली. पुढे काही वर्षे तर हे अंदाज जाहीर करणेच थांबले आणि ते केवळ अधिकाऱ्यांपुरते गोपनीय राहिले.

इलियट यांना उमगले होते की, आता नुसता हवेचा अनुभव पुरेसा नाही, कसलेला गणिती हवा. म्हणून त्यांनी वॉकर यांची निवड केली. वॉकर यांनी पद स्वीकारण्यापूर्वी युरोप-अमेरिकेतील वेधशाळा पाहून घेतल्या आणि १९०४ च्या आरंभी ते भारतातील वेधशाळांचे महासंचालक झाले. त्याच वर्षी त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. वय छत्तीसही पूर्ण नव्हते.

सिमल्याची कचेरी

खात्याची मुख्य कचेरी सिमल्यास होती. वॉकर यांनी आल्याबरोबर एक गोष्ट मनाशी पक्की केली. वाऱ्याचे आणि पावसाचे नियम भौतिकशास्त्राच्या समीकरणांतून थेट काढावेत, इतके ज्ञान त्या काळी कोणापाशीच नव्हते. मग दुसरा मार्ग उरला तो हिशेबाचा. जगभरातील वेधशाळांच्या जुन्या नोंदी गोळा करायच्या, एका ठिकाणचा वायुभार, पाऊस किंवा तापमान दुसऱ्या ठिकाणच्या हवेबरोबर वर्षानुवर्षे कसे बदलते ते पाहायचे, आणि जेथे दोहोंचे नाते खरोखर घट्ट आढळेल तेवढेच हाती धरायचे. अशा नात्याच्या घट्टपणाला गणितात सहसंबंध म्हणतात आणि तो आकड्यात मोजता येतो.

आज हे काम संगणक क्षणार्धात करतो. त्या काळी ते माणसांना कागद-पेन्सिलीने करावे लागे. सिमल्याच्या कचेरीत भारतीय कारकून आणि गणक बाकांवर बसून दिवसचे दिवस बेरजा, गुणाकार आणि वर्गमुळे करीत. पहिल्या महायुद्धात खात्याची माणसे कमी झाली, तरी हे काम चालूच राहिले. वॉकर यांच्या नावे जे शोध आज ओळखले जातात, त्यांच्या पायात त्या गणकांचे श्रम आहेत. त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत, हे आम्हांला येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

तसेच ऋण आपल्या मुंबईचेही आहे. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली आणि १८४० च्या दशकापासून तेथे नियमित नोंदी होऊ लागल्या. अलिबागजवळच्या नागाव येथे जन्मलेले थोर मराठी गणिती केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी याच वेधशाळेत नोंदी घेण्याचे काम केले होते. वॉकर भारतात आले तेव्हा कुलाब्याची सूत्रे नानाभाई मूस या पारशी शास्त्रज्ञाच्या हाती होती. या वेधशाळेचे प्रमुखपद मिळालेले ते पहिले भारतीय. दिवसामागून दिवस, साथीच्या काळातही, कुलाब्याच्या वायुभारमापकाचे आकडे वहीत चढत राहिले.

या वह्यांनी एक आश्चर्य घडवले. नॉर्मन लॉकयर हे प्रसिद्ध ज्योतिर्विद आपल्या कोकणाला परके नाहीत. १८९८ साली सूर्यग्रहण पाहण्यासाठी ते विजयदुर्गास आले होते. पुढे त्यांनी व त्यांचे पुत्र विल्यम यांनी निरनिराळ्या देशांतील वायुभाराचे आकडे शेजारी मांडले, तेव्हा असे दिसले की, ज्या काळात मुंबईचा वायुभार चढतो, त्या काळात पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस, अर्जेंटिनातील कॉर्दोबा येथे तो उतरतो. कुलाब्याचा काटा आणि दक्षिण अमेरिकेतील एका गावाचा काटा जणू एकाच दोरीने बांधलेले होते. दोरी मात्र कोणाला दिसत नव्हती.

तराजूची दोन पारडी

वॉकर यांनी ही दोरी शोधण्याचे काम पद्धतशीर हाती घेतले. १९०९ साली त्यांनी मान्सूनच्या अंदाजासाठी गणिती सूत्र वापरले. त्यात चार गोष्टी होत्या : हिमालयावरील बर्फ, मॉरिशसचा वायुभार, दक्षिण अमेरिकेतील वायुभार आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबारचा पाऊस. आपल्या पावसाचे गुपित आपल्या आकाशात नसून दूरच्या समुद्रांवर असू शकते, हा विचार सरकारी अंदाजात अशा रीतीने आकड्यांसह उतरला. पुढे संपूर्ण भारताचा एकच अंदाज देणे बरोबर नाही हे ओळखून त्यांनी देशाचे भाग पाडले आणि द्वीपकल्प व वायव्य भारत यांसाठी वेगळी सूत्रे केली.

अंदाजाच्या गरजेतून सुरू झालेले हे काम हळूहळू सगळ्या जगाच्या हवेचा हिशेब बनले. १९२३ आणि १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांत वॉकर यांनी तीन मोठी आंदोलने दाखवून दिली. एक उत्तर अटलांटिकवर, दुसरे उत्तर प्रशांत महासागरावर आणि तिसरे, सर्वांत विशाल, प्रशांत व हिंदी महासागर यांच्यामध्ये. या तिसऱ्याला त्यांनी दक्षिणी आंदोलन असे नाव दिले.

त्याचे स्वरूप बाजारातील तराजूसारखे आहे. एका पारड्यात प्रशांत महासागर, दुसऱ्यात हिंदी महासागर. प्रशांत महासागरावर वायुभार वाढला की हिंदी महासागरावर, आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, तो कमी होतो आणि भारतात पाऊस चांगला होण्याकडे कल राहतो. पारडी उलटली की आपल्याकडे तुटीचा धोका वाढतो. होनोलुलू, सान्तियागो, डार्विन, कैरो, त्या वेळी बटाविया म्हटले जाणारे जकार्ता, अशा दूरदूरच्या ठिकाणांचे आकडे या हिशेबात आले. मनिलाचे आकडेही आले. मनिलाची वेधशाळा येशूसंघीय धर्मगुरूंनी १८६५ साली सुरू केली होती आणि तेथील फादर फेदेरिको फौरा यांनी १८७९ साली वादळाची आगाऊ सूचना देऊन समुद्रावरील माणसांना सावध केले होते, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. नाईल नदीचा पूर आणि भारताचा पाऊस यांनाही या एकाच तराजूत जागा मिळाली.

माहीत नाही म्हणण्याचे धैर्य

वॉकर यांच्या कामात आम्हांला सर्वांत अधिक भावते ती त्यांची सचोटी. आकड्यांशी खेळताना माणूस सहज फसतो. पावसाची तुलना पन्नास गोष्टींशी केली, तर त्यांतील एखादी गोष्ट निव्वळ योगायोगाने जुळलेली दिसणारच. आपल्याकडे पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना बेडूक, म्हैस, मेंढा अशी वाहने दिलेली असतात. ज्या वर्षी वाहन आणि पाऊस जुळतात ते वर्ष आपल्या स्मरणात राहते, न जुळलेले विसरले जाते. वॉकर यांनी १९१४ साली गणिताने दाखवून दिले की, पुष्कळ जोड्यांतून सर्वांत चांगली जोडी निवडायची असेल, तर ती योगायोगाची नाही हे ठरवण्यासाठी कसोटीही तितकीच कडक हवी. ही कसोटी त्यांनी प्रथम स्वतःच्या कामाला लावली.

त्या काळी सूर्यावरील डागांवरून पाऊस सांगता येईल, अशी अनेक विद्वानांची समजूत होती. वॉकर यांनी आकडे तपासले आणि तो संबंध फारच क्षीण असल्याचे सांगितले. लागोपाठच्या दुष्काळांनंतर भारताचे हवामानच कायमचे बिघडले, असे बोलले जात होते. त्यांनी जुन्या नोंदी चाळून असा कायमचा बदल दिसत नसल्याचा निष्कर्ष काढला. लोकांना काय ऐकावयास आवडेल, याचा विचार त्यांनी केला नाही.

१९१८ साली पाऊस पुन्हा फार मोठ्या प्रमाणावर चुकला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबईसह सारा देश पोळून निघाला. अंदाज हा केवळ विद्वत्तेचा विषय नसून त्यावर माणसांचे जगणे-मरणे टांगलेले असते, हे वॉकर यांच्या काळाने पुरेपूर पाहिले. म्हणूनच अंदाज किती खात्रीचा आहे हे सांगणे त्यांना अंदाजाइतकेच महत्त्वाचे वाटे. नात्याचा धागा पुरेसा बळकट नसेल, तर आशादायक बोलण्यापेक्षा गप्प राहणे बरे, अशी त्यांची धारणा होती. मुळात जे काम त्यांच्याकडे सोपवले होते, म्हणजे मान्सूनचा भरवशाचा अंदाज देणे, ते आपल्या हातून पुरते साधले नाही, याची त्यांना जाणीव होती.

रामानुजन यांची पाठराखण

या सचोटीचे एक उदाहरण हवामानाच्या बाहेरचे आहे. फेब्रुवारी १९१३ मध्ये वॉकर कामानिमित्त मद्रासला गेले होते. तेथील पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत तीस रुपये पगारावर काम करणाऱ्या एका तरुण कारकुनाच्या गणिताच्या वह्या, पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्यांना दाखवल्या. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

वॉकर स्वतः सीनियर रँग्लर. परंतु गणिताच्या या शाखेत आपला अधिकार नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. त्याच वेळी हे काम केंब्रिजच्या विद्वानांच्या तोडीचे आहे, हेही त्यांनी ओळखले. त्यांनी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून, या तरुणाला पोटाची चिंता न करता गणित करता यावे अशी व्यवस्था करण्याची शिफारस केली. विद्यापीठाने रामानुजन यांना दरमहा पंचाहत्तर रुपयांची शिष्यवृत्ती दोन वर्षांसाठी दिली. पुढच्याच वर्षी रामानुजन केंब्रिजला गेले आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आपल्याला जे नीट कळत नाही, त्याचेही मोल ओळखणे हा मोठेपणाच म्हटला पाहिजे.

निवृत्ती आणि अखेर

१९०८ साली वॉकर यांचा विवाह मे कॉन्स्टन्स कार्टर यांच्याशी झाला होता. त्यांना एक मुलगा व एक मुलगी झाली. सिमल्याच्या डोंगरांवर पंख न हलवता तरंगणाऱ्या घारी आणि गिधाडे पाहण्यात ते तासन् तास रमत आणि त्या उड्डाणाचेही गणित करीत. बासरी हा त्यांचा आणखी एक छंद. ते बासरी वाजवीत आणि ती अधिक सुरेल व्हावी म्हणून तिच्या रचनेचा अभ्यासही करीत. स्वभावाने ते सौम्य आणि निगर्वी होते.

१९२४ साली वीस वर्षांच्या सेवेनंतर ते भारतातून परतले. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला आणि लंडनच्या इम्पीरियल महाविद्यालयात ते हवामानशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३४ पर्यंत त्यांनी तेथे शिकवले. रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले आणि त्या संस्थेचे मानाचे सायमन्स सुवर्णपदकही त्यांना मिळाले.

मान मिळाला, तरी त्यांच्या मुख्य शोधाकडे मात्र शास्त्रज्ञांनी हळूहळू पाठ फिरवली. प्रशांत आणि हिंदी महासागरांचा तराजू हलतो हे खरे, पण तो का हलतो, याचे कारण वॉकर यांना देता आले नव्हते. समुद्रातील मंद बदलांत त्याचे मूळ असावे अशी त्यांना शंका होती. ती तपासण्यासाठी लागणारे समुद्राच्या तापमानाचे आकडेच त्या वेळी जगात नव्हते. कारणाविना आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार? पुढे त्याच पदावर आलेल्या चार्ल्स नॉर्मंड यांनी तर १९५३ साली एक गमतीची परंतु खरी गोष्ट नोंदवली : भारताच्या पावसावरून इतर देशांच्या पुढच्या हवेचा अंदाज जितका चांगला बांधता येतो, तितका इतर देशांवरून भारताच्या पावसाचा बांधता येत नाही.

४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, इंग्लंडमधील कूल्सडन येथे सर गिल्बर्ट वॉकर यांचे निधन झाले.

कोळ्यांनी ठेवलेले नाव

आता गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सांगितला पाहिजे. तो पेरूच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचा आहे. तेथील समुद्र एरवी थंड असतो, खोलातून वर येणाऱ्या पाण्यामुळे मासळीने भरलेला असतो. परंतु दरवर्षी नाताळच्या सुमारास उत्तरेकडून एक उबदार प्रवाह खाली येतो. पायता बंदराच्या परिसरातील नाविकांनी त्याला एल निनो असे नाव दिले होते. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ बाळ, आणि येथे अभिप्रेत आहे तो बाळ येशू. काही वर्षी हा उबदारपणा नेहमीपेक्षा फार अधिक असतो आणि कित्येक महिने हटत नाही. मग मासळी नाहीशी होते आणि एरवी कोरड्या असलेल्या किनाऱ्यावर मुसळधार पाऊस कोसळतो. पुढे शास्त्रज्ञ याच मोठ्या घटनेला एल निनो म्हणू लागले.

वॉकर सिमल्यास हवेचे आकडे जुळवीत होते आणि पेरूचे कोळी समुद्राचे पाणी ओळखत होते. दोघे एकाच गोष्टीची दोन टोके धरून होते, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. १९५७ व १९५८ साली जागतिक पातळीवर एकाच वेळी निरीक्षणे घेण्याची मोठी मोहीम झाली आणि योगायोगाने त्याच वेळी मोठा एल निनो आला. म्हणजे वॉकर आपल्या आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत असताना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नोंदवह्यांत उतरत होते. जेकब बेर्कनेस या शास्त्रज्ञाने ही दोन टोके सांधली. १९६९ साली त्यांनी दाखवून दिले की, व्यापारी वारे प्रशांत महासागराचे तापलेले पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात, तेथे हवा वर चढते व पाऊस पडतो, आणि पूर्वेकडे ती खाली उतरते. वारे मंदावले की तापलेले पाणी पूर्वेकडे पसरते, पावसाची जागा सरकते आणि तराजू उलटतो. हवेच्या या विशाल चक्राला बेर्कनेस यांनी वॉकर अभिसरण असे नाव दिले. निधनानंतर अकरा वर्षांनी वॉकर यांचे नाव पृथ्वीच्या विषुववृत्तावर असे कोरले गेले.

आज मागे वळून पाहिले, तर १८७७, १८९९ आणि १९१८ ही तिन्ही दुष्काळाची वर्षे एल निनोचीच होती असे दिसते. अटलांटिकवरही याचा परिणाम होतो. एल निनोच्या वर्षी तेथील चक्रीवादळे सहसा कमी होतात, तर मध्य व पूर्व प्रशांत महासागरात ती वाढतात. मात्र हा नियम पोलादी नाही. १९९७ साली अतिशय प्रबळ एल निनो असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला, आणि २००२ साली त्याहून सौम्य एल निनो असताना मोठी तूट आली. १९९९ साली हिंदी महासागरातीलही एक वेगळा झोका शास्त्रज्ञांनी ओळखला. त्यात कधी आफ्रिकेकडचे, तर कधी इंडोनेशियाकडचे पाणी अधिक तापते. २०१९ साली हा झोका फार तीव्र होता. त्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळे एकाच वेळी अरबी समुद्रात घोंगावत होती.

आपल्यासाठी बोध

या साऱ्याचा आपल्या जीवनाशी संबंध आहे. नोव्हेंबर २००९ मधील फयान, जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या वादळांच्या आठवणी कोकणच्या किनाऱ्यावर अजून ताज्या आहेत. अलीकडच्या दशकांत अरबी समुद्र तापत चालला असून त्यात चक्रीवादळे वाढली आहेत. उत्तनचे चर्च समुद्राच्या मातेला वाहिलेले आहे आणि समुद्रावर गेलेल्या आपल्या माणसासाठी तिच्याकडे डोळे लावून बसलेल्या आया-बहिणी आपण पाहिल्या आहेत. प्रार्थना करावीच, परंतु धोक्याचा बावटा लागला की होडी न लोटणे हेही आपलेच कर्तव्य आहे. तो बावटा कोणाच्या मनाच्या लहरीने लागत नाही. त्यामागे दोनशे वर्षांच्या नोंदी आणि अगणित माणसांचे श्रम आहेत.

१९२८ साली हवामान खात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली. शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांच्या तोंडी आजही सिमला ऑफिस आहे आणि तिच्या समोरच्या चौकालाही तेच नाव पडले आहे. त्या चौकातून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की, या नावाच्या मागे एक गणिती, त्याचे भारतीय गणक आणि एक अपुरे राहिलेले काम दडलेले आहे?

वॉकर यांनी आपल्या कामाचे पीक पाहिले नाही. ज्या कामासाठी त्यांना बोलावले होते त्यात त्यांना मर्यादित यश आले आणि जे त्यांनी दिले त्याची किंमत जगाला त्यांच्या पश्चात कळली. तरीही त्यांनी खोटी आशा विकली नाही, आकडा वाकवला नाही आणि दुसऱ्याची गुणवत्ता झाकली नाही. आपल्या गावांतही असे अनेक जण असतात : वर्षानुवर्षे मुलांना शिकवणारे, सोसायटीचा हिशेब चोख ठेवणारे, संस्थेची वही प्रामाणिकपणे लिहिणारे. त्यांच्या श्रमाचे फळ कोणत्या पिढीच्या पदरी पडेल, हे त्यांना कळत नाही.

येत्या मे महिन्यात होड्या वर ओढल्या जातील आणि पावसाचा अंदाज जाहीर होईल. त्या वेळी पेरूच्या त्या मच्छीमार बांधवांची, ज्यांनी समुद्राच्या एका प्रवाहाला बाळ येशूचे नाव दिले, आणि सिमल्याच्या त्या निगर्वी गणितीची आपण आठवण ठेवू या. उत्तनचा समुद्र आणि पेरूचा समुद्र वेगळे नाहीत, ही गोष्ट त्यांच्यामुळेच आपल्याला कळली आहे.